‘विश्वासू हात’ की हुन्नरी माणसे? शरणपूरच्या मुक्त कारागिरांचा इतिहास आपलाही आहे

१/ जळगाव-धुळ्याहून नाशिकला गेलेल्या बहुतेकांनी ‘शरणपूर रोड’ ही पाटी पाहिली असेल. या शरणपुरात एकेकाळी आफ्रिकन मुले राहत होती, सुतारकाम व लोहारकाम शिकत होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. गुलामांच्या गलबतांतून सुटलेली ती मुले. त्यांच्याविषयी हा थ्रेड आहे. थोडा दीर्घ आहे. पण विषयच असा आहे की तो दोन ओळींत उरकणे अन्यायाचे ठरेल.

२/ माझे म्हणणे आरंभीच मांडतो. गुलामगिरीचा इतिहास सांगताना आपण दोनच पात्रे रंगवतो : एक क्रूर धनी आणि दुसरा दयाळू सुटका करणारा. जो बंधनात होता, ज्याच्या हातात कला होती, ज्याने सुटण्याचा व सुटल्यावर जगण्याचा विचार स्वतः केला, तो या कथेत केवळ ‘सुटलेला’ म्हणून उरतो. ही मांडणी बदलली पाहिजे. आणि त्यासाठी लागणारी सामग्री आपल्या अगदी शेजारी आहे.

३/ आरंभ अमेरिकेपासून करू, कारण तेथील कागद या बाबतीत फार बोलके आहेत. अठराव्या शतकात, वसाहतकाळात, तेथील वृत्तपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती छापून येत. वय, उंची, अंगावरचे व्रण, कपडे, बोलण्याची ढब आणि पकडून देणाऱ्यास बक्षीस. या जाहिरातींत वारंवार आणखी एक तपशील येतो : हा माणूस कोणता धंदा जाणतो. लोहार, सुतार, पिंप बनवणारा, जोडे शिवणारा, होडी हाकणारा. आणि कित्येकदा, हा व्हायोलिन वाजवतो.

४/ व्हर्जिनिया गॅझेट या पत्रात सप्टेंबर १७६९ मध्ये अशीच एक जाहिरात आली. पळालेल्याचे नाव सँडी, वय सुमारे ३५, धंदा जोडे शिवण्याचा. सुतारकामही जुजबी येते. घोड्यांची जाण आहे. जाताना त्याने एक पांढरा घोडा नेला आणि जोडे शिवण्याची हत्यारे नेली. त्या हत्यारांवर तो कुठे तरी काम मिळवील, असा धन्याचा तर्क होता. धन्याचे नाव : थॉमस जेफरसन. सर्व माणसे समान आहेत, असे सांगणारा जाहीरनामा पुढे १७७६ मध्ये ज्याने लिहिला, तोच.

५/ सँडी पकडला गेला. १७७३ मध्ये जेफरसनने त्याला १०० पौंडांना विकले. कथा येथे संपते असे वाटेल. पण ती हत्यारे पुन्हा आठवून पाहा. पळणाऱ्या माणसाला ओझे नको असते. तरीही सँडीने ती सोबत घेतली, कारण केवळ धन्यापासून दूर जाणे हा त्याचा हेतू नव्हता. आपल्या हाताच्या कामाचे मोल आपल्याच पदरी पडावे, असे आयुष्य त्याला हवे होते. पळणे ही त्याची घबराट नव्हती. ती योजना होती.

६/ वादकांचेही तसेच. व्हायोलिन वाजवणाऱ्या गुलामाला धनी गावोगावच्या नृत्यसमारंभांना पाठवी. त्यामुळे त्याला वाटा ठाऊक होत, निरनिराळी माणसे ठाऊक होत, कुठे कोण विचारपूस न करता आसरा देईल हे ठाऊक होई. कारागिराला हत्यारांनी जे दिले, ते वादकाला वाद्याने दिले : शेताच्या बांधापलीकडचे जग. ज्या कलेमुळे गुलामाची किंमत वाढे, तीच कला त्याला पळण्याची वाटही दाखवी. जाहिरातीत धन्याला ती नोंदवावी लागे, कारण तिच्यावरूनच माणूस ओळखू येई.

७/ सारेच पकडले गेले नाहीत. दक्षिण कॅरोलिनातील बॉस्टन किंग हा सुतारकाम शिकलेला तरुण स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत १७८० मध्ये ब्रिटिश फौजेच्या आश्रयास गेला. युद्ध संपल्यावर तो नोव्हा स्कॉशियात पोहोचला, तेथील दुष्काळी दिवसांत सुतारकामावर जगला आणि १७९२ मध्ये सिएरा लिओनला, म्हणजे आफ्रिकेत, गेला. त्याने आपले आत्मवृत्तही लिहिले. गुलामीतून निसटलेला कारागीर समुद्र ओलांडून आफ्रिकेत परततो, हा धागा लक्षात असू द्या. तो पुढे नाशिकला येऊन मिळणार आहे.

८/ ‘हे सारे तिकडचे, आपल्याकडे कुठे असे होते?’ हा प्रश्न आताच मनात आला असेल. आपल्याकडेही होते. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहिलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने तेथील गुलामांच्या बाजाराचे वर्णन केले आहे. विक्रीस आणलेल्या स्त्रियांना वाद्ये वाजवता येतात, बारीक भरतकाम येते, मुरंबे व मिठाया करता येतात, हे तो नमूद करतो. कला ही तेथेही किमतीची बाब होती. आणि गोव्याच्या सीमेपलीकडे आदिलशाही मुलूख असल्याने, नदी-खाडी ओलांडून तिकडे निसटणारे गुलाम ही पोर्तुगीजांची कायमची डोकेदुखी होती.

९/ मराठी राज्यातही हात स्वच्छ नव्हते. पेशवेकालीन कागदांत कुणबिणी व बटकी यांची खरेदी, किंमत, वय यांच्या नोंदी सापडतात. दुष्काळात विकल्या गेलेल्या, स्वारीत धरून आणलेल्या, व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या स्त्रिया त्यांत आहेत. कोठी, पागा, गोठा, नाटकशाळा अशा ठिकाणी त्यांच्या नेमणुका होत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचा हक्क मान्य करणे थांबवले आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. म्हणजे ही गोष्ट पुराणकाळातली नव्हे.

१०/ आता खानदेश. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्याच्या मुळाशी गुलामगिरीचा प्रश्न होता. तोवर ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून, म्हणजे मुख्यतः गुलामांच्या श्रमातून, येत असे. युद्धाने तो बंद पडला आणि लँकेशायरच्या नजरा हिंदुस्थानाकडे वळल्या. कापसाचे भाव कडाडले. त्या काही वर्षांत जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग याच दशकात थळघाट चढून नाशिक, चाळीसगाव, जळगावमार्गे भुसावळला पोहोचला.

११/ म्हणजे आपल्या पेठेच्या भरभराटीचा एक धागा मिसिसिपीच्या काठावरील गुलामांच्या मळ्यांशी जोडलेला आहे. युद्ध संपताच भाव कोसळले, हेही तितकेच खरे. आणि त्याच दशकात, त्याच लोहमार्गावर, खानदेशाच्या सीमेलगत नाशिकजवळ, आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून पळवून आणलेली मुले रंधा आणि हातोडा चालवायला शिकत होती. जागतिक गुलामगिरीची दोन टोके आपल्या परिसरात अशी एकमेकांजवळ आली होती. आपल्या शालेय इतिहासात मात्र ना हे टोक सापडते, ना ते.

१२/ शरणपूर ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास नाशिकजवळ वसवली. मूळ रहिवासी येथील नवख्रिस्ती कुटुंबे. ब्रिटिश आरमार त्या काळी पूर्व आफ्रिका व अरबस्तानाच्या किनाऱ्यांवर गुलाम वाहून नेणारी गलबते पकडत असे. त्यांत सापडलेल्या मुलांना घरी पोहोचवणे शक्य नसे. घर कुठे, हेच अनेकांना सांगता येत नसे. त्यांपैकी कित्येक मुंबईस उतरवली जात. १८६० पासून अशी मुले-मुली शरणपूरच्या आश्रमशाळेत येऊ लागली. त्यांना लिहिणे-वाचणे आणि हातचा धंदा शिकवला जाई. पुढे जगाने त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखले.

१३/ येथे एक सावधगिरी हवी. ही सुटका म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य नव्हते. मुलांची मूळ नावे जाऊन त्यांना इंग्रजी नावे मिळाली. धर्म, भाषा, धंदा, पुढे कोठे जायचे, सारे दुसऱ्यांनी ठरवले. साखळी तुटली, पण दोरी शिल्लक राहिली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. आणि तरीही त्या मर्यादेत या मुलांनी जे केले, ते थक्क करणारे आहे.

१४/ १८६५ मध्ये प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला व नाशिकलाही जाऊन आला. आपल्या शेवटच्या आफ्रिका-प्रवासासाठी त्याने शरणपूरचे नऊ तरुण सोबत घेतले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत असलेले चुमा आणि वाकातानी हे दोघेही निघाले. पुढे वाटेत वाकातानीला आपले भाऊ सापडले आणि तो तेथेच राहिला. शरणपूरच्या तरुणांपैकीही कित्येकांनी हळूहळू साथ सोडली. प्रवासवर्णनांत अशांची गणना ‘सोडून गेलेले’ अशी होते. पण ज्याला लहानपणी पळवून नेले, त्याने भाऊ भेटताच थांबावे, याला सोडून जाणे म्हणायचे की घरी पोहोचणे?

१५/ १८७२ मध्ये शरणपूरच्या आणखी सहा तरुणांची तुकडी लिव्हिंग्स्टनकडे पाठवली गेली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार हे त्यांतले. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. तेथेच पुरून आपापल्या वाटेने जाणे या सोबत्यांना सहज शक्य होते. कोणी विचारणारा नव्हता. परंतु त्यांनी आपसांत विचार करून ठरवले : देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा.

१६/ हा निर्णय किती अवघड होता ते पाहा. मृतदेह नेणे म्हणजे वाटेतील प्रत्येक गावाचा रोष ओढवणे. त्यांनी हृदय व आतडी एका झाडाखाली पुरली, देहाला मीठ लावले, दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला. सामानाच्या याद्या केल्या. जेकबने प्रार्थना म्हटली. मग रोग, भूक आणि चकमकी सोसत सुमारे नऊ महिने, दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. या पथकात हलीमा नावाची स्वयंपाकीणही होती. तिला स्वतंत्र करून झांजीबारला घर-बाग घेऊन देण्याचा आपला मनोदय लिव्हिंग्स्टनने रोजनिशीत लिहून ठेवला होता.

१७/ १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यविधी झाला. शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. आज त्या समाधीच्या शिळेवर, हा देह विश्वासू हातांनी भूमी व सागर ओलांडून आणला, अशा अर्थाचा मजकूर आहे. फक्त हात. त्या हातांना नावे नाहीत. चुमा नाही, सुसी नाही, जेकब नाही, हलीमा नाही.

१८/ याच्या शेजारी दुसरा लेख ठेवून पाहा. चितांबोच्या गावी ज्या झाडाखाली हृदय पुरले, त्याच्या बुंध्यावर जेकबने अक्षरे कोरली. त्यांत लिव्हिंग्स्टनचे नाव होते, तारीख होती आणि सोबतच्या माणसांपैकी तिघांची नावेही होती. पुढे तो बुंध्याचा भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला. साम्राज्याच्या राजधानीत कोरलेल्या दगडाला जे सुचले नाही, ते शरणपूरच्या शाळेत अक्षर शिकलेल्या तरुणाला अरण्यात सुचले : ज्यांनी काम केले त्यांची नावे लिहावीत. जेकबने रोजनिशीही ठेवली होती. ‘विश्वासू’ हे विशेषण सेवकाला देतात. मला तो इतिहास नोंदवणारा माणूस दिसतो.

१९/ दुसरे उदाहरण मला याहूनही मोलाचे वाटते. १८६४ मध्ये शरणपूरला शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे आफ्रिकन तरुण मोंबासाजवळच्या रबाई येथील मिशनवर गेले. जून १८७३ मध्ये झांजीबारच्या सुलतानाशी करार होऊन तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. त्या वाटाघाटींसाठी गेलेले सर बार्टल फ्रियर हे मुंबईचे माजी गव्हर्नर. त्यांच्याच नावाने मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही वसाहत उभी राहिली. ती वसवण्यासाठी शरणपूरचे पाद्री विल्यम प्राइस गेले आणि नाशिक-मुंबईकडील कित्येक आफ्रिकन कुटुंबेही गेली. तेथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत.

२०/ बाजार बंद झाला, पण गुलामी संपली नव्हती. किनाऱ्यावरील मळ्यांतून गुलाम पळत आणि रबाईकडे येत. मिशनचे अधिकृत धोरण असे की, पळालेल्यांना थारा द्यायचा नाही, कारण धनी चिडतील, तंटे होतील. विल्यम जोन्सच्या देखरेखीखालील रबाईत मात्र अशी माणसे येत राहिली, झोपड्या बांधत राहिली, शेती करत राहिली. १८८८ मध्ये हे प्रकरण उघड झाले, तेव्हा मिशनच्या ठाण्यांवर मिळून चौदाशेहून अधिक पळालेले गुलाम निघाले. त्यांतले बरेचसे रबाईत होते. धनी सशस्त्र येण्याच्या बेतात होते. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने धन्यांना मोबदला दिला आणि १ जानेवारी १८८९ रोजी या लोकांच्या हाती मुक्ततेचे कागद पडले.

२१/ यावर दोन आक्षेप येतात. पहिला : ‘ही इंग्रजांची कृपा आहे, तुम्ही साम्राज्याचे गुणगान करता.’ मुळीच नाही. ज्या लँकेशायरने गुलामांच्या कापसावर गिरण्या चालवल्या, त्याच देशाचे आरमार गुलामांची गलबते पकडत होते. दोन्ही खरे आहे. रबाईत तर मुक्तीची अंमलबजावणी धोरणाने केली नाही. धोरण मोडणाऱ्या एका माजी गुलामाने आणि स्वतःच्या पायांनी पळून आलेल्या शेकडो माणसांनी केली. कंपनीने पैसे मोजले ते अगदी शेवटी, दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा. आणि ते पैसे मिळाले धन्यांना, गुलामांना नव्हे.

२२/ दुसरा आक्षेप : ‘हा आफ्रिकेचा इतिहास आहे, आमचा नव्हे.’ मग आमचा म्हणजे कोणाचा? येथील मातीत वाढलेली, येथील शाळेत शिकलेली, येथून धंदा घेऊन गेलेली माणसे आमची नसतील, तर मलिक अंबरही आमचा नाही. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला तो मनुष्य निजामशाहीचा कारभारी झाला. त्याच्या नहरी आणि जमीनधारा आपण अभिमानाने सांगतो. तलवार चालवणारा हबशी आपला आणि रंधा चालवणारा आफ्रिकन परका, ही निवड इतिहासाची नाही, आपल्या आवडीची आहे.

२३/ आणखी एक योगायोग. १८७३ हे वर्ष पाहा. मे महिन्यात चितांबोच्या गावी तो निर्णय झाला. जून महिन्यात झांजीबारचा करार झाला. आणि याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, जो त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. अमेरिकेतील काळ्या माणसाच्या मुक्तीत इथल्या शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा प्रश्न पाहण्याची दृष्टी एका मराठी माणसाकडे दीडशे वर्षांपूर्वी होती. आपण ती वापरायला कचरतो, इतकेच.

२४/ तेव्हा तरुण मित्रांना एक आग्रहाची विनंती. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले. त्यांच्या संग्रहाची परंपरा तेथे जपली गेली आहे. मोडी शिका. जुने कागद पाहताना मोहिमा, सनदा आणि वंशावळी वाचाच. पण कुणबीण, बटीक, गुलाम हे शब्द दिसले की पान उलटू नका. कोणाच्या कोठीवर कोण होते, काय काम जाणत होते, किती किंमत पडली, कोण निघून गेले, हे टिपून ठेवा.

२५/ आणि तो कागद धन्याच्या बाजूने लिहिलेला आहे, हे विसरू नका. जेफरसनच्या जाहिरातीत हत्यारे नोंदली आहेत ती चोरीचा माल म्हणून. आपण ती सँडीच्या भावी दुकानाचे भांडवल म्हणून वाचू शकतो. ‘पळाला’ असे जेथे लिहिले आहे, तेथे ‘कोणीकडे निघाला?’ असे विचारा. ‘साथ सोडली’ असे जेथे लिहिले आहे, तेथे ‘कोणाकडे गेला?’ असे विचारा. ‘विश्वासू हात’ असे जेथे लिहिले आहे, तेथे त्या हातांच्या धन्याचे नाव नव्हे, त्या हातांचेच नाव शोधा.

२६/ मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत जगला आणि मोंबासात वारला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत शरणपूरचा एक विद्यार्थी हयात होता. इतका हा इतिहास जवळचा आहे. तो आपल्यापासून दूर गेला तो काळामुळे नव्हे, आपल्या विसरण्यामुळे. आपल्या गावच्या दप्तरात, जुन्या खातेवहीत, दगडी चिऱ्यावर अशा कोणा कारागिराचे, वादकाचे नाव आढळले, तर या थ्रेडखाली जरूर लिहा. नाव लिहिण्यापासूनच इतिहासाचा आरंभ होतो.